चाल : जुने हिंदी गाणे

६ डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, दादरच्या शिवाजी पार्कात पुस्तकांचा जो बाजार भरतो, त्यात मोठ्या प्रकाशकांच्या टेबलांपासून जरा लांब जमिनीवर प्लास्टिक अंथरून बसलेली माणसं असतात. पुढ्यात बिल्ले, निळे रुमाल, मूर्ती, कॅलेंडरं आणि गाण्यांच्या पातळ पुस्तिका. सोळा पानं, फार तर बत्तीस. मधोमध दोन पिना मारलेल्या. मुखपृष्ठाचा निळा रंग घामेजल्या बोटांना लागतो. गेली वीसेक वर्षं मी त्या गोळा करतोय. कुठलंही पान उघडा, गाण्याच्या डोक्यावर कंसात, बारीक टायपात एक ओळ असते. 'चाल :' आणि पुढं एखाद्या हिंदी नाहीतर मराठी सिनेमातल्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. कधी नुसतंच 'चाल : कव्वाली'. कधी 'पारंपरिक'. एका पुस्तिकेत एका गाण्यावर 'चाल : स्वतःची' असं छापलंय. बाकीच्या पंधरा गाण्यांच्या पंगतीत ते एकटंच जरा अवघडून बसल्यासारखं दिसतं.

संगीतावर लिहिणारे आम्ही लोक गीतकार भेटला की एक प्रश्न हमखास विचारतो, तुमच्यावर कुणाचा प्रभाव? मग तो बिचारा आठवून आठवून चार मोठी नावं सांगतो. पुस्तिकेतल्या गीतकारानं हे काम कंसात उरकलेलं असतं. कुणाचं घेतलं ते वर लिहिलं, आता खालचं माझं ऐका.

ही 'चाल :' मला लहानपणापासून ठाऊक आहे, कारण माझे मामा गाणी लिहितात. त्यांचं नाव इथं देत नाही. नाव गाण्यात असावं, लेखात काय करायचंय, असं त्यांचंच म्हणणं आहे. वय पंच्याहत्तरच्या पुढं. गिरणीत साचेखात्यात होते. १९८२च्या संपात गिरणी गेली ती गेलीच. पुढं वॉचमनकी, रद्दीचं दुकान, असं करत कल्याण पूर्वेला खोली घेतली. या सगळ्या काळात एका गायन पार्टीत ते आधी कोरसला होते, मग पेटीवर, आणि मुख्य गायकाचा गळा बसला की मध्ये दोन गाणी. लिहिणं मात्र पहिल्यापासून. कंपनी नाही, करार नाही, आगाऊ पैसे नाहीत. 'इंडिपेंडंट आर्टिस्ट' हा शब्द मी त्यांना एकदा समजावून सांगितला, तेव्हा मामी आतून म्हणाली, "म्हणजे बिनपगारी."

मागच्या हिवाळ्यात मी दोन दिवस त्यांच्याकडं मुक्काम टाकला. गाणं कसं होतं ते बघायचं होतं, त्याबद्दल ऐकायचं नव्हतं. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती. बिल्डिंगीतल्या महिला मंडळाला नवं गाणं हवं होतं. मंडळातल्या साठी उलटलेल्या एक बाई त्या वर्षी सही करायला शिकल्या होत्या आणि बँकेत पहिल्यांदा अंगठा न लावता पैसे काढून आल्या होत्या. मामांना विषय मिळाला. चालही ठरली होती. कुठल्याशा जुन्या हिंदी गाण्याची, सिनेमा आठवत नाही, बायकांना पाठ आहे एवढं पुरे.

मामा आधी कागद घेत नाहीत. पलंगावर मांडी घालून बसतात, समोर पाण्याचा स्टीलचा पेला पालथा, आणि त्यावर दोन बोटं. ना ना ना करत चाल दहा-बारा वेळा फिरवतात. चाल म्हणजे मोकळं भांडं, त्यात कुठं खोल आहे आणि कुठं उथळ ते आधी हातानं बघून घ्यायचं. जोराचा ठोका पडतो तिथं लांब अक्षर लागतं. तिथं 'क' 'र' असलं आखूड अक्षर आलं तर गाणारा ते ओढतो आणि ओढलं की शब्दाचा शब्द बदलतो. याला ते 'शब्द पडला' म्हणतात. मात्रा, लघु, गुरू हे शब्द त्यांच्या तोंडी नसतात. पेला सगळं मोजतो.

पहिली ओळ अर्ध्या तासात आली:

अंगठ्याला सांगते मी

मामा खूश. एवढी वर्षं शाईत बुडवलेल्या अंगठ्याशी बाई बोलतेय, हे सापडलं तेव्हा गाणं निम्मं झालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पुढचा तुकडा लगेच निघाला, 'सुट्टी आता घे.' चालीत चपखल बसला. पेल्यावर वाजवून दाखवला, कुठंही अडखळत नव्हता. तरी मामांनी तो कागदावर उतरवला नाही. 'सुट्टी' शाळेच्या पोरांची. अंगठ्यानं साठ वर्षं काम केलंय, त्याला सुट्टी कशी द्यायची? गिरणीत सुट्टी नसते, रजा असते. भरपगारी.

तर 'रजा आता घे'. पण 'रजा'तला 'र' आखूड आणि नेमका ठोक्यावर. मामांनी गाऊन बघितलं आणि मामी आतून हसली, कारण ऐकू येत होतं ते 'राजा आता घे'. अंगठ्याचा राजा झाला! पुन्हा ना ना ना. पुन्हा पेला. मग 'घे रजा तू आता', पण शेवटी एक ठोका जास्तीचा, दम पुरत नाही. जेवणं झाली. मामा वामकुक्षी घेतात असा माझा समज होता. ते डोळे मिटून पलंगाच्या कडेवर बोट वाजवत होते. चार वाजता उठले, चहा घेतला आणि काहीच विशेष घडलं नसल्यासारखं लिहिलं:

अंगठ्याला सांगते मी, आज घे तू रजा

'आता'चं 'आज' झालं, बाकी तेच शब्द, फक्त उलटेपालटे केलेले. 'आज'चा 'आ' ठोक्यावर आला, 'रजा' ओळीच्या टोकाला गेली. आणि टोकाला गेली म्हणून आणखी एक गोष्ट झाली. यमक बदललं. सकाळी 'घे'चं यमक शोधावं लागलं असतं. आता 'रजा' होतं, आणि 'रजा'ला मामांच्या तोंडून भराभरा 'मजा', 'सजा', 'वजा' असे शब्द पडले. मजा त्यांनी तिथंच सोडली. 'वजा'वर थांबले. सावकार, दुकानदार, मुकादम, ज्यानं ज्यानं त्या अंगठ्याखाली काय लिहिलंय ते न सांगता शाई लावून घेतली, त्यांचा हिशोब आणि त्यातून वजा झालेली माणसं. दुसरं कडवं सगळं त्या एका शब्दातून निघालं. विषय त्यांच्या मनात सकाळपासून होता, सावकार नव्हता. सावकार यमकानं आणला.

कवितेवर बोलताना आपण आशय आधी, आकार नंतर असं धरून चालतो. त्या दुपारी मी जे पाहिलं ते नेमकं उलटं होतं, आणि आता मी तो सिद्धांत फारसा गंभीरपणे घेत नाही.

मामांना लिहायला शिकवलं कुणी? शिकवलं म्हणता येणार नाही. ते वामनदादांची गाणी ऐकत वाढले. मुंबईच्या चाळींत, नाशिक-मनमाडकडं, मराठवाड्यात, विदर्भात, दलित वस्तीतला कुठलाही गीतकार घ्या, त्याच्या वहीच्या मागं वामनदादा कर्डक उभे असतात.

वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळा नशिबी नव्हती. पोटासाठी मुंबईत आले, मिळेल ते काम केलं. शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहत असताना एका माणसानं त्यांच्या हातात पत्र दिलं, वाचून दाखवा म्हणून. वाचता येत नव्हतं. त्या लाजेनं त्यांना रडू आलं, हे त्यांनी पुढं स्वतः सांगितलेलं आहे. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी मुळाक्षरं गिरवून घेतली आणि जोडाक्षरं शिकवली मुंबईतल्या दुकानांच्या पाट्यांनी. अण्णा भाऊ साठे यांच्याबद्दलही असंच सांगतात, वाटेगावाहून पायी मुंबईला आलेला पोरगा पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत साक्षर झाला. मला उगाचच वाटतं की या दोघांच्या शब्दांत जो मोठा टाइप आहे तो तिथून आला असावा. पाटी चालता चालता वाचायची असते. रस्त्याच्या पलीकडून दिसली पाहिजे. वामनदादांची ओळ तशी आहे. पहिल्यांदा कानावर पडते तेव्हाच पुरी कळते, दुसऱ्यांदा ऐकताना तिच्याखालचं बारीक अक्षर दिसतं.

१९४३ साली त्यांनी पहिलं गाणं केलं. तेही एका हिंदी सिनेमातल्या गाण्याचं विडंबन होतं. म्हणजे मराठीतल्या एवढ्या मोठ्या गीतकाराची सुरुवात 'चाल :' या शब्दानंच झाली. पुढं बाबासाहेबांना पाहिलं, ऐकलं, आणि गाण्याला काम मिळालं. हजारोंनी गाणी. गावोगाव एसटीनं, बैलगाडीनं, पायी. उद्योगपतींची नावं घेऊन आमचा वाटा कुठं आहे असं विचारणारं गाणं त्यांचं, १९५९च्या 'सांगत्ये ऐका'मध्येही त्यांची गीतरचना आहे. पहिलं पुस्तक निघालं १९७३ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, नाव 'वाटचाल'. या शब्दातही चाल आहेच. मग 'मोहळ', मग १९७७ला 'हे गीत वामनाचे'. १५ मे २००४ रोजी ते गेले तेव्हा त्यांची कितीतरी गाणी पुस्तकात नव्हती, माणसांच्या गळ्यांत होती.

मागं आणखी जुनी माणसं आहेत. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे. त्याच्या आधी सत्यशोधक जलसे. आणि त्याही आधी जोतीराव फुले, ज्यांनी तुकोबांच्या अभंगाचा साचा जसाच्या तसा उचलला, त्याला 'अखंड' म्हटलं आणि शेवटी 'जोती म्हणे' अशी मोहर उमटवली. आतला माल सगळा नवा. या उचलण्याला उसनवारी म्हणणारा माणूस गाण्याच्या धंद्यात नवखा समजावा.

आता थोडं भांडण. पुस्तिकांतल्या गाण्यांना 'सिनेमाच्या चालीवर लिहिलेलं' म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांतले बरेचजण नाट्यसंगीताचे दर्दी असतात. अण्णासाहेब किर्लोस्कर मूळ गुर्लहोसूरचे. पुण्यात पारशी मंडळीचं 'इंद्रसभा' पाहिलं आणि १८८० साली 'शाकुंतल' मराठीत आणलं. दोन वर्षांनी 'सौभद्र'. जुनी छापील संहिता काढून बघा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल'. कानडी पदांच्या चाली, लावणीच्या, कीर्तनातल्या साकी-दिंडीच्या. पुढं १९११च्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६च्या 'स्वयंवरा'साठी भास्करबुवा बखल्यांनी आपल्या पोतडीतल्या बंदिशी काढल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर शब्द बसवले. 'शब्द बसवणं' हे तेव्हाही असंच होतं. फरक एवढाच की बखलेबुवांची बंदिश घेतली तर परंपरा आणि शंकर-जयकिशनची चाल घेतली तर नक्कल. चाल कुठून आणली यावर गाण्याची जात ठरवण्याची ही रीत मला कधी पटली नाही.

शब्द आधी, चाल नंतर, ही दुसरी वाटही मराठीत थोर आहे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर गदिमा लिहीत गेले आणि सुधीर फडके चाल देत गेले, छप्पन्न गाण्यांचं 'गीतरामायण' झालं. पण त्याला एक फडके लागतो, स्टुडिओ लागतो, वादक लागतात. कल्याणच्या खोलीत पालथ्या पेल्याजवळ फडके येणार नाहीत. लोकांना पाठ असलेली चाल घेतली की संगीतकार फुकट मिळतो, तालीम लागत नाही, स्वरलिपी लागत नाही, आणि दुसऱ्या फेरीला पोरंबाळं झील धरतात. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याच्यासाठी चाल हीच वही. शब्द विसरला तरी चालीतली मोकळी जागा त्याला हाक मारते.

हेच शहाणपण फार दूरच्या एका माणसाला सुचलं होतं. जो हिल. स्वीडनमध्ये जन्मलेला, अमेरिकेत मजुरी करणारा, आयडब्ल्यूडब्ल्यू या कामगार संघटनेचा गीतकार. त्यांचे वक्ते रस्त्याच्या कोपऱ्यावर बोलायला उभे राहिले की साल्व्हेशन आर्मीचा बँड येऊन भजनं वाजवायचा आणि भाषण बुडवायचा. तर यांनी त्याच भजनांवर आपले शब्द लिहिले. बँड त्यांचा, गाणं आपलं! १९०९ पासून निघालेल्या त्या संघटनेच्या छोट्या लाल गाण्याच्या पुस्तकात गाण्यांच्या डोक्यावर चालीचं नाव छापलेलं आहे. जो हिलला १९१५ साली यूटामध्ये गोळ्या घालून देहदंड दिला गेला. ती पुस्तिका मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा शिवाजी पार्कातल्या प्लास्टिकवरची आठवली. खिशात मावणारा आकार आणि वरची ती कंसातली ओळ, दोन्ही ओळखीचं.

कौतुक करतोय म्हणून सगळं गोड मानू नका. माझ्याकडच्या पुस्तिकांतली बरीच गाणी टाकाऊ आहेत. जयजयकाराची सात विशेषणं आणि खाली यमक. चालीची निवडही कधीकधी इतकी आंधळी की महापरिनिर्वाणाच्या शोकगीताला पोरीची छेड काढणाऱ्या गाण्याची चाल. ऐकणाऱ्याच्या डोक्यात खालचं मूळ गाणं चालूच राहतं, त्याला दाबता येत नाही. चांगला गीतकार ते जाणून असतो. मामा विरहगीताची चाल सहसा घेत नाहीत. मूळ नायिका मध्येच रडायला लागते, म्हणतात.

डोक्यावर 'चाल :', आणि शेवटी? शेवटच्या कडव्यात नाव. नामा म्हणे, तुका म्हणे, जोती म्हणे, आणि वामनदादांच्या गाण्यात शेवटाला 'वामन'. नाममुद्रा. छापखाना नसलेल्या काळात कवीचा हक्क सांगायची ही एकच जागा होती, आणि ती गाण्याच्या आतच होती. वर देणं कबूल करायचं, खाली घेणं नोंदवायचं. या दोन खुणांच्या मध्ये जेवढं उरतं तेवढा गीतकार.

अर्थात नाममुद्रा म्हणजे कुलूप नव्हे. 'तुका म्हणे' लावून इतरांनी केलेले अभंग गाथेत किती, हा वाद जुना आहे. नामदेवांच्या नावाखाली एकाहून अधिक 'नामा' मिसळलेत. तिथं लोकांनी आपलं लिहिलेलं थोराच्या नावावर घातलं. मामांच्या बाबतीत उलटं झालं. ऐंशीच्या दशकात कॅसेटचा जोर होता. रेल्वे स्टेशनाबाहेर, एसटी स्टँडवर, पानाच्या टपरीवर प्रल्हाद शिंदे, मग त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद. एका कॅसेट कंपनीनं मामांच्या पार्टीतल्या गायकाकडून आठ गाणी रेकॉर्ड करून घेतली, त्यांतली तीन मामांची. कॅसेट आली तेव्हा कव्हरावर मामांचं नाव नव्हतं. ठीक, कव्हर लहान असतं. पण गाणं लावलं तर शेवटच्या कडव्यातलं नावही बदललेलं. गायकानं स्वतःचं घातलं होतं. तीन अक्षरी नाव, तीन अक्षरी नावाच्या जागी बरोब्बर बसलं. "चालीत कुठं अडखळलं नाही रे," मामा सांगतात, "हेच वाईट वाटलं."

त्यानंतर त्यांनी एक युक्ती काढली, जिच्याइतकी हुशार कॉपीराइटची व्यवस्था मी पाहिलेली नाही. ते नाव आता ओळीच्या टोकाला, यमकात बांधतात. शेवटच्या कडव्यातली बाकीची यमकं त्या नावावर उभी. दुसऱ्या कुणाचं नाव घातलं की अख्खं कडवं कोसळतं. चोराला चारही ओळी नव्यानं लिहाव्या लागतील, आणि तेवढं येत असतं तर तो चोर कशाला झाला असता.

नाव गाण्यात शिवलं की जबाबदारीही शिवली जाते. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये नारायण कांबळे या लोकशाहिराला पोलीस उचलतात. आरोप असा की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगारानं जीव दिला. भूमिका केली होती वीरा साथीदारांनी, गाणी संभाजी भगतांची. सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. वीरा साथीदार २०२१ मध्ये कोरोनानं गेले. त्या सिनेमात मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे कोर्टात गाण्याविषयी चाललेलं बोलणं. शब्द चालीपासून, डफापासून, समोरच्या गर्दीपासून सोलून काढले की नुसता पुरावा उरतो. खऱ्या आयुष्यातला विलास घोगरे अशा तांत्रिक चर्चेपर्यंत पोचलाच नाही. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली, आणि चार दिवसांनी या शाहिरानं गळफास घेतला. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट त्याच्यापासून सुरू होतो. तो बनायला चौदा वर्षं लागली.

मामांचा नातू रॅप करतो. सुरुवातीला घरात वाद झाले, मामींना कपडे आवडले नाहीत. मग एकदा मामांनी त्याला लिहिताना पाहिलं. पोरगं यूट्यूबवरून कुणीतरी टाकलेली बीट लावतं, कानात इयरफोन, मांडीवर बोटं, तोंडानं शब्दांविना हं हं हं, आणि कुठं अक्षर बसतं ते चाचपतं. व्हिडिओखाली बीट कुणाची तेही लिहितं. मामा उठून त्याच्याजवळ गेले आणि विचारलं, चाल कुणाची? तेव्हापासून दोघांचं बरं जमतं. नातू आजोबांना 'फ्लो' शिकवतो. आजोबा त्याच्या ओळी पेल्यावर वाजवून पडलेले शब्द दाखवतात.

या नातवानंच मामांची काही जुनी गाणी फोनवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर चढवली. आठवड्याच्या आत एका गाण्यावर कॉपीराइटचा दावा आला. मूळ चालीचे हक्क एका मोठ्या कंपनीकडं, यंत्रानं ती ओळखली. गाणं काढून टाकलं नाही, पण जाहिरातीचं काही मिळालं तर ते त्यांचं. मामांना हे समजावायला मला वेळ लागला. कायदा गीतकाराच्या बाजूनं कधीच नाही असं म्हणता येणार नाही. २०१२च्या दुरुस्तीनं सिनेमातल्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला असा वाटा दिला की जो निर्मात्याला लिहून देऊन टाकता येत नाही. पण त्या कायद्याला मूळ गाण्याचा गीतकार ठाऊक आहे. चालीखाली नवे शब्द लिहिणारा, वर 'चाल :' लिहून देणं कबूल करणारा माणूस त्याच्या खात्यात कुठं बसतो? यंत्राला तर चाल ऐकू येते, कंस दिसत नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे त्यांना कळलं का, मी त्यांचं नाव वर लिहिलंय ते?"

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही, कंपनीनं संगीतकाराचे पैसे बुडवावेत असंही माझं म्हणणं नाही. ज्यांनी ती चाल केली त्यांच्या वारसांना चार पैसे मिळाले तर चांगलंच. मला टोचलं ते एवढंच, की उसनं घेतल्याची कबुली देणारा आणि गुपचूप चोरणारा या दोघांना एकाच रांगेत उभं केलं गेलं. आमच्या पुस्तिकांत त्यांच्यातला फरक सहा पॉइंटाच्या टायपात का होईना, छापलेला असायचा.

३ जानेवारीला गाणं झालं. बिल्डिंगीच्या पॅसेजमध्ये सतरंज्या, सावित्रीबाईंचा फोटो, झेंडूचा हार, माइकमध्ये खरखर. चौदा बायका उभ्या राहिल्या, हातात झेरॉक्स. वर मामांच्या अक्षरात 'चाल : जुने हिंदी गाणे'. सही शिकलेल्या बाई मध्यभागी. पहिल्या ओळीला त्यांनी स्वतःचा अंगठा वर करून त्याच्याकडं बघत गायलं. हे कुणी बसवलं नव्हतं. 'रजा'वर सगळ्यांनी थोडं जास्तच रेंगाळायला सुरुवात केली, मूळ चालीत तसं नव्हतं. तिसऱ्या कडव्यापर्यंत ते रेंगाळणं पक्कं झालं आणि टाळीही त्याप्रमाणं बदलली. मामा पेटीवर होते. त्यांनी मुकाट्यानं स्वर धरून ठेवला, बायका येईपर्यंत.

त्यानंतर तीन महिन्यांनी एप्रिलमध्ये मी पुन्हा गेलो. मामांनी उशाखालून वहीचा फाडलेला कागद काढून दिला. मंडळातल्या एका तरुण मुलीनं नर्सिंगला जाणाऱ्या मैत्रिणीसाठी गाणं लिहिलं होतं. बॉलपेननं, खाडाखोड पुष्कळ. वर कंसात लिहिलं होतं, 'चाल : अंगठ्याला सांगते मी'.

मी वाचून मामांकडं पाहिलं. ते चष्मा पुसत होते. कागद परत घेतला, पेला पालथा केला, पहिल्या दोन ओळी वाजवून बघितल्या.

"दुसऱ्या ओळीत शब्द पडतोय," म्हणाले. "बोलाव तिला."